यांची वाटी आधी काढणे

४ मार्च, मंगळवार

मसुराच्या एक वाटी सुपाची खरी किंमत, कोर्समध्ये शिकवलेल्या पद्धतीने:
मसूर, दोन चाळीस. कांदा, लसूण, टोमॅटो मिळून एक दहा. तेल साठ पैसे. गॅस पंचेचाळीस. मीठ, नगण्य. मजुरी, शून्य (घरचं माणूस).
एकूण चार पंचावन्न. विक्री बाराला. म्हणजे धंदा कुणी कुणाला शिकवायचा ते दिसतंच आहे.

मॅडमनी लाल पेनने मजुरीच्या शून्याभोवती गोल काढला. मॅडम माझ्या लेकीहून लहान. म्हणाल्या, काका, घरचं माणूस म्हणजे कोण? म्हटलं, घरचं म्हणजे बायको. मग त्या रोज किती तास काम करतात ते लिहा की. म्हटलं, करत होती. जुलैपर्यंत.
वर्गातली बावीस-तेवीस वर्षांची पोरं, पेनांची टोपणं चावत खाली बघायला लागली. मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, चालू द्या, चालू द्या.

बस डेपोच्या मॅनेजरचं पत्र सरळ आहे. मे महिन्यापासून कॅन्टीनचं कंत्राट सर्टिफिकेटवाल्यालाच. बाकीचे पेपर झाले. उरलाय तो मेनू प्लॅनिंगचा रिपोर्ट. एकतीस मार्चपर्यंत द्यायचा. शंभरपैकी पन्नास मिळाले की सर्टिफिकेट, ते मिळालं की कॅन्टीन. नाही मिळालं तर एकतीस वर्षांनी मी घरी. घरी काय आहे?
संकल्प: रोज दोन पानं, पहाटे. एकूण चाळीस पानं. कापडी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं.

५ मार्च

पानं: शून्य. पहाटे उठलो होतो. पण उठल्यावर चहा लागतो, आणि चहाबरोबर पेपर. घाईत लिहिलेलं वाचणाऱ्याला कळतं. उद्या चार पानं.

६ मार्च, दुपारी चार

प्रस्तावना झाली. झकास उतरली आहे, म्हणून इथेही उतरवून ठेवतो:
'या कॅन्टीनची चव म्हणजे माझी जीभ. रोज साडेदहाला सुपाची पहिली वाटी माझ्यापुढे येत असे. मी चाखून सांगे, मीठ कमी. वाटी आत जाई, परत येई. मी पुन्हा चाखे आणि म्हणे, आता कसं! मगच खिडकी उघडे. दीडशे माणसं माझ्या जिभेच्या भरवशावर जेवत.'
वाटी आत कोण नेई वगैरे बारीकसारीक तपशील रिपोर्टात नको.
पद्धत आजही तीच. ही गेल्यापासून पातेली मावशी बघतात. वीस वर्षं आमच्याकडे भाज्या चिरतात, हात स्वच्छ. साडेदहाला मी चाखतो आणि सांगतो, मीठ कमी, दोन मुठी टाका. मावशी मूठ तशीच धरून माझ्याकडे बघत राहतात. मालक, बाई तर... असं काहीतरी सुरू करतात. मी म्हणतो, टाका. बाईचं नाव निघालं की कामं अडतात.
स्वच्छतेच्या प्रकरणात कोठीघराच्या दाराचा फोटो लावणार. जुनं कळकट दार होतं, आतून पेन्सिलीचे गिचमिड डाग. ऑक्टोबरात दोन हात ऑइलपेंट देऊन घेतला. पांढरंशुभ्र. इन्स्पेक्टरनं दारावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघून मान हलवली.

८ मार्च

ताटं: एक्क्याण्णव. मागच्या मार्चमध्ये दीडशेच्या खाली उतरलो नव्हतो. कारणं उघड आहेत. उन्हाळा. गेटबाहेरचा पाववाला. आणि हल्लीच्या ड्रायव्हरांच्या बायका डबे देतात.
माझे कान तिखट. खिडकीच्या आत बसलो की बाकांवरचा शब्दन् शब्द ऐकू येतो. आज लांबच्या गाडीचा एक ड्रायव्हर सांगत होता, इथं जेवलं की पहिल्या थांब्यापर्यंत घशाला कोरड पडते राव, अख्खी बाटली जाते. दुसरा म्हणाला, मग मी उगाच पाव खातो होय?
मी तिथल्या तिथे ओळखलं. उन्हाचा तडाखा. पाण्याचा नवा कूलर घेतो, चाळीस लिटरचा. गिऱ्हाइकानं मागायच्या आत ओळखायचं, यालाच प्लॅनिंग म्हणतात. पुस्तकात नसेल तर पुस्तकाचं नुकसान.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. बाबा, गोळी घेताय ना? म्हटलं, घेतो. (गोळी पूर्वी वाटीशेजारी ठेवलेली असायची, म्हणून आठवायची. आता वाटीशेजारी काही नसतं. पण प्रकृती ठणठणीत आहे.) रिपोर्ट कुठवर? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय.
पानं: दीड.

११ मार्च

प्रस्तावना परत आली. समासात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: संदर्भ? संदर्भ? संदर्भ?
मॅडम म्हणाल्या, काका, जे म्हणाल ते कुठून आलं ते सांगायचं. कुणाचं, कोणत्या वर्षाचं, आणि वाचणाऱ्याला बघायचं झालं तर कुठे सापडेल. म्हटलं, मी सकाळी सहा ते चार काउंटरवर सापडतो. पोरं खिदळली. मॅडमही हसल्या, पण पेन खाली ठेवलं नाही. मग मी उभं राहून स्पष्टच सांगितलं, एकतीस वर्षांत मी कुणाचं बघून मेनू ठरवलेला नाही. त्या म्हणाल्या, मग ठरवला कसा, ते लिहा. गुरुवारी अंडी का? बुधवारी वाटाणे का? कारण हवं आणि कारणाला आधार हवा.
वर्गात एका पोराचे बारा संदर्भ आहेत म्हणे. माझे चाळीस असतील.

१३ मार्च

लायब्ररीत गेलो. खाद्यशास्त्रावरचा विटेएवढा ग्रंथ काढला. शेवटी बघतो तर एक्केचाळीस संदर्भांची यादी तयारच! सुवाच्य अक्षरात सगळी उतरवून घेतली. लोक उगाच बाऊ करतात.
कूलर आला. दोन वाजता रिकामा! पुन्हा भरला. चारला पुन्हा खडखडाट. डेपोच्या टाईमकीपरला हाताला धरून दाखवला. तो म्हणाला, मालक, डॉक्टरेट कुठवर आली? म्हटलं, पाणी बघ आधी, कसं संपतंय. त्यानं कूलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, वहिनी असताना एक माठ दिवसभर पुरायचा. म्हटलं, तेव्हा ऊन नव्हतं एवढं.

१८ मार्च

मॅडमनी यादी वाचली. अगदी शांतपणे. मग म्हणाल्या, काका, हे सातव्या नंबरचं पुस्तक जर्मन भाषेतलं आहे. म्हटलं, असेल. वाचलंत? म्हटलं, चाळलं. आणि अकरावं बर्फात मासळी साठवण्याबद्दल आहे, तुमच्या मेनूत मासळी नाही.
यादी परत.
वर्ग सुटल्यावर त्यांनी थांबवून घेतलं. म्हणाल्या, मला पुस्तकं नकोत. मेनू चांगला आहे, खरंच. आठवड्याचं हे गणित कुणीतरी माणसं बघून बसवलंय. ते कुणी आणि कसं, एवढंच लिहा.
म्हटलं, मीच की.  घरी येताना मात्र लक्षात आलं, बुधवारी वाटाणे का, हे मला सांगता येत नाही.

२० मार्च

मावशींना विचारलं. सहज, परीक्षा घेतल्यासारखं. मावशी, आपल्याकडे बुधवारी वाटाणे का?
त्या कोबी चिरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, बुधवारी लांबच्या गाड्या नसतात. वाटाण्यानं पोटात गुबारा धरतो, स्टिअरिंगवर बसून काय करतील? आणि गुरुवारी अंडी? गुरुवारी इंजिनं उतरवतात, गॅरेजवाल्यांना तब्येतीचं खाणं लागतं. शुक्रवारी भात निम्मा का? पगाराच्या आठवड्यात डबल ड्यूट्या धरतात, भातानं डोळे मिटतात. तुम्ही जुलैपासून सगळं उलटंपालटं केलंत, मालक. वाटाणे सोमवारी आणलेत.
म्हटलं, वाटाणे सोमवारी स्वस्त मिळतात. पण तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?
दारावर होतं की.
कुठल्या दारावर?
मावशींनी विळी थांबवली. म्हणाल्या, कोठीच्या. आतल्या बाजूला. बाई पेन्सिलीनं लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. सगळं होतं. कुठला ड्रायव्हर काय सोडून उठतो तेसुद्धा. तुम्ही रंगवलंत ते.
पुढे म्हणाल्या, रंगारी आला त्या दिवशी मी रजेवर होते.

२१ मार्च

एक लिटर थिनर, तीन चिंध्या, पत्र्याची पट्टी. सकाळचं चाखणं आटोपून लागलो. रंग निघाला. पण त्याच्याबरोबर पेन्सिलही निघाली. खाली नुसतं लाकूड. एका जागी 'सोम' दिसल्यासारखं वाटलं, चिंधी हलकेच फिरवली, तेही गेलं.
एकतीस वर्षं मी त्या दाराने आत-बाहेर केलं. एकदाही दार लावून आतली बाजू बघितली नाही. हातात नेहमी काहीतरी असायचं.
ताटं: त्र्याऐंशी. थिनरचा वास होता, म्हणून.

२२ मार्च

सापडली!
दार पूर्ण उघडलं की बिजागऱ्यांकडची दोन बोटांची कड दिसते. रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचलेलाच नाही. आळशी माणसाचे उपकार. तिथे, तिच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात, अख्खी ओळ:
यांची वाटी आधी काढणे. मीठ नंतर.
बराच वेळ गुडघ्यांवर बसून होतो. मग अर्थ लक्षात आला आणि ऊर भरून आला. यांची, म्हणजे माझी. मालकाची वाटी आधी! दीडशे माणसांच्या आधी मान माझा. आणि मीठ नंतर, म्हणजे मी चाखून सांगितल्यानंतर. प्रस्तावनेत लिहिलेलं सगळं तिनं नऊ शब्दांत, नव्हे, सहाच शब्दांत लिहून ठेवलंय. याला म्हणतात संदर्भ.
तोंडावर कधी कौतुक केलं नाही हिनं. दाराला सांगून ठेवलं.

२३ मार्च, रविवार

लेकीला फोनवर ओळ वाचून दाखवली आणि अर्थही सांगितला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. रेंज गेली असावी. मग एकदम म्हणाली, बाबा, तुम्ही गोळी घेताय ना? खरं सांगा. म्हटलं, मी तुला केवढी गोष्ट सांगतोय आणि तुझं काय चाललंय!

२५ मार्च

मॅडमना फोटो दाखवला. त्या खूश. म्हणाल्या, असा मूळ पुरावा कुणाकडेच नाही वर्गात. मावशी आणि टाईमकीपर यांच्याशी झालेलं बोलणं तारखेसकट मजकुरात घाला. पण शेवटच्या संदर्भसूचीत ज्याचा पुरावा दाखवता येतो तेवढंच. दारावरचं बाकीचं गेलं, तर तिथे ही एक ओळ. परिशिष्टात फोटो, आणि खाली चार ओळी, हिचा अर्थ काय आणि कॅन्टीनच्या चवीशी संबंध काय.
म्हटलं, ते तर तोंडपाठ आहे. चार काय, चार पानं लिहितो.
लिहिली. शीर्षक: मालकाचा मान.

२७ मार्च

साडेदहाला चाखून मीठ सांगितलं आणि वळलो, तर जमीन एका बाजूला गेली. मावशींनी धरलं. टाईमकीपरनं रिकाम्या बसमधून डेपोच्या दवाखान्यात नेलं. सगळा रस्ता माझा हात धरून होता आणि एकदाही डॉक्टरेट म्हणाला नाही.
डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा वाचला, पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग जुनं कार्ड शोधलं. नऊ वर्षांपूर्वीचं. त्यावर 'मीठ बंद', खाली दोन रेघा. म्हणाले, आठवतंय? तुम्ही वाद घातला होता माझ्याशी. मीठ सोडलं तर जीभ जाईल, जीभ गेली तर कॅन्टीन जाईल, असं म्हणून तरातरा निघून गेलात. मिसेस मागे थांबल्या होत्या. म्हणाल्या, डॉक्टर, त्यांना आता काही सांगू नका, मी बघते. आठ वर्षं आकडा चांगला होता तुमचा. आता काय खाताय?

२८ मार्च

मावशींना विचारलं. या वेळी परीक्षा घेतल्यासारखं नाही.
 त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, पातेल्यात मीठ टाकायच्या आधी बाई तुमची वाटी बाजूला काढायच्या. रोज. मग मापानं मीठ टाकायच्या, ते माप ठरलेलं, त्यात कधी फरक नाही. तुम्ही म्हणायचात मीठ कमी. बाई वाटी घेऊन आत यायच्या, ओट्यावर ठेवायच्या, वीस आकडे मोजायच्या आणि तीच वाटी परत घेऊन जायच्या. तुम्ही म्हणायचात, आता कसं!
आणि आत जाऊन बाई मला हसायच्या का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.
मावशीच म्हणाल्या, हसायच्या नाहीत हो. वाटी परत रिकामी आली की भांडं घासायच्या आधी एकदा आत बघायच्या, संपवलीत ना म्हणून.
आणि मी सांगितलेल्या दोन मुठी? जुलैपासूनच्या? मावशी म्हणाल्या, त्या टाकत होते. तुम्ही मालक. दोनदा बोलले, तुम्ही टाका म्हणालात.
म्हणजे मापाचं मीठ, आणि वर दोन मुठी.

२९ मार्च

काही लिहिलं नाही.

३० मार्च, रविवार

दोन रस्ते आहेत. पहिला, 'मालकाचा मान' आहे तसं द्यायचं. मॅडमना कळणार नाही. कुणालाच कळणार नाही. दारही काही बोलणार नाही. दुसरा, खरा अर्थ लिहायचा, तर प्रस्तावनेतला माझ्या जिभेचा सगळा पसारा कोसळतो, आणि नापास झालो तर कॅन्टीन गेलं.
प्रस्तावना काढून संदर्भसुद्धा काढून टाकता येईल. मग सूची कोरी. पण मग एकतीस वर्षांत तिनं केलेल्या कामाचा एवढाच पुरावा उरलाय, तोही मी माझ्याच हाताने पुसायचा. एकदा पुसलंय.
लेकीला फोन केला. सांगितलं सगळं. म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो बाबा. आईनं शपथ घातली होती. मग म्हणाली, लिहा तुम्ही, मी फोन चालू ठेवते. दोन तास चालू होता. मध्येच तिच्या घरातली भांडी वाजायची, ऐकून बरं वाटायचं.
लिहिलं ते असं: प्रस्तावना, रद्द. मजुरीच्या रकान्यातलं शून्य खोडलं. पहाटे पाच ते दुपारी चार, अकरा तास. मावशींना देतो तोच दर लावला. वाटी चौदा चाळीसला पडते. विकत होतो बाराला. चव कुणी ठरवली, याचं उत्तर एका ओळीत दिलं.
मग सूची. लेखकाच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहिताना पेन थांबलं. मी तिला आयुष्यभर 'अगं' म्हणालो आणि दुसऱ्यांजवळ 'ही'. पूर्ण नाव शेवटचं कधी लिहिलं होतं? दवाखान्याच्या फॉर्मवर, जुलैत.
आणि 'कुठे सापडेल' या रकान्यात: कोठीघराच्या दाराची कड, बिजागऱ्यांकडे. दार पूर्ण उघडावं.

३१ मार्च

रिपोर्ट दिला. नऊ पानं. साधं स्टेपल. बाइंडिंगवाला म्हणाला, एवढ्याला कापड चढत नाही.

१२ एप्रिल

बावन्न गुण. पास. मॅडमनी सूचीपाशी काहीच लिहिलेलं नाही, नुसती बरोबरची खूण. पान परत देताना म्हणाल्या, काका, एक विचारू? त्या दारावर पुन्हा रंग देणार का? म्हटलं, नाही. कंत्राट एक वर्षाचं मिळालं. सर्टिफिकेटवर नाव माझं आहे, त्याला आता इलाज नाही. फ्रेम करणार होतो. कोठीत ठेवलंय.
वाटाणे बुधवारी. अंडी गुरुवारी. साडेदहाला मावशी बाजूला काढलेली वाटी आणून ठेवतात, शेजारी गोळी. आज सवयीनं तोंडातून निघालं, मीठ कमी. मावशी वाटी घेऊन आत गेल्या. मी इथे बसून वीसपर्यंत मोजलं. वाटी परत आली. संपवली.
ताटं: एकशे सव्वीस.
चारला कूलर उघडून बघितला. सकाळी भरलेलं पाणी चार बोटंसुद्धा उतरलं नव्हतं.